अक्कांच्या मापाची गाडी

शाळेच्या पोरांना ने-आण करून दमलेली एक जुनी मिनीबस जळगावच्या पिंप्राळ्यात आमच्या दारासमोर येऊन थांबली, तेव्हा मी अंगणात कपाशीच्या काट्यांच्या जाळावर भरताची वांगी भाजत होते. ड्रायव्हरच्या जागेवरून हे उतरले. चेहऱ्यावर असा आनंद, जणू नवी नवरीच घेऊन आलेत.

"कुणाची ही?" मी विचारलं.

"आपली!"

"अहो, निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात. तुम्ही काय परत पहिलीत बसताय?"

शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी फिसकन हसलं. ह्यांना त्याचं काही नव्हतं. हे गाडीभोवती फिरत पत्र्यावर थापा मारत होते. इकडे माझं एक वांगं जळून कोळसा झालं, तो राग वेगळाच.

पण हा सगळा घाट अक्कांसाठी होता, हे मला ठाऊक होतं. अक्का म्हणजे ह्यांची आई, माझ्या सासूबाई. त्यांचं माहेर साक्रीच्या पुढचं पिंपळनेर. आमच्या खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात, आणि आखाजीला लेकीनं माहेरी जायचं म्हणजे जायचं. झाडाला झोके, गौराईची गाणी, खापरावरचे मांडे आणि ताटभर आमरस. सासरी वर्षभर राबलेल्या बाईची ती हक्काची सुट्टी. अक्का मात्र कित्येक वर्षांत गेल्या नव्हत्या. गुडघे दुमडत नाहीत, बसून प्रवास केला की पाय सुजतात, आणि खरं कारण म्हणजे त्यांना घडीघडीला लघवीला जावं लागतं. "दर कोसावर गाडी थांबवायला सांगू? लाज नाही का मला?" असं त्या म्हणायच्या. आखाजी जवळ आली की पिंपळनेरहून त्यांच्या भावाचा, नानांचा फोन यायचा. अक्का "पुढल्या साली" म्हणायच्या, फोन ठेवायच्या आणि दिवसभर कुणाशी बोलायच्या नाहीत. बहीण-भाऊ दोघंही नव्वदीला टेकलेले. पुढली सालं आता उरली होती किती? म्हणून ह्यांनी ठरवलं, या आखाजीला अक्कांना झोपवून नेऊ, पण नेऊ.

आरटीओत चपला झिजवून कागदपत्रं झाली, सीटा निघाल्या, आणि मग आमच्या घरात खरं महाभारत सुरू झालं. ह्यांनी अंगणात खडूनं गाडीचा आराखडा काढला, अगदी खऱ्या मापाचा. इथं पलंग, इथं पाण्याची टाकी, इथं पडद्याआड कमोडची खुर्ची. मी कंबरेवर हात ठेवून बघत होते.

"आणि माझं स्वयंपाकघर?"

"प्रवासात कशाला स्वयंपाकघर? ढाबे आहेत की."

"तुमच्या आईला ढाब्यावरची तर्री चारणार? वा! पलंग कमी, कमोड जास्त लागेल मग."

स्वयंपाकघर मंजूर झालं.

पलंगाच्या मापासाठी अक्कांना खडूच्या चौकटीत सतरंजीवर आडवं केलं. अक्का बुटक्या, पोरीएवढ्या. ह्यांनी टेप लावला तसं त्या म्हणाल्या, "अरे, जित्या माणसाला असं मोजत नाहीत रे!" आणि स्वतःच इतक्या हसल्या की माप दोनदा चुकलं. पलंग त्यांच्या मापाचा, हातभरही जास्त लांब नको, असं मीच बजावलं होतं. कारण पलंग जेवढा आखूड, तेवढा माझा ओटा लांब!

सुतारकामाला आमच्याच गल्लीतले एक मिस्त्री आले. ते मला भाभी म्हणत आणि माझ्या सूचना ऐकून कानावरची पेन्सिल सारखी काढत-घालत. पलंगाखाली ओढायचे कप्पे: एकात अंथरुणं, एकात औषधं आणि अक्कांची लुगडी, एकात हत्यारं आणि स्टेपनीचं सामान. समोरच्या बाजूला माझा ओटा. वरची फळी बिजागरीवर, हवी तेव्हा उघडावी, नको तेव्हा भिंतीला लावावी. खाली शेगडी, बाजूला उभे अरुंद खण. एकात डाळी, एकात पीठं, आणि सगळ्यात वर, उभ्यानं हाताला येईल असा माझा मसाल्याचा खण. त्यात काळा मसाला, तिखट, धणे, खोबरं, सगळ्यांची आपापली चौकोनी जागा. घरच्या स्वयंपाकघरात मी सून म्हणून आले होते, तिथली मांडणी अक्कांची. जन्मात पहिल्यांदा एक स्वयंपाकघर माझ्या मनानं मांडलं जात होतं. बसच्या पोटात का असेना! मी रोज दुपारी उन्हातान्हात जाऊन ते खण उगीच ओढून बघायचे.

परीक्षा म्हणून आम्ही दोघं जामनेरला भाजी आणायला गेलो. पहिल्या वळणाला ह्यांनी स्टिअरिंग फिरवलं, आणि मागं धाडधाड करत माझे सगळे खण एका दमात बाहेर आले. तूरडाळ, ज्वारीचं पीठ, हळद, तिखट, सगळ्यांचा गाडीभर गोपाळकाला झाला. खाली उतरून बघतो तर आम्ही दोघंही पिवळे-लाल. भाजीवाली म्हणाली, "भाऊ, होळी तं होऊन गेली ना!" ह्यांना शिंकांवर शिंका, आणि मला हसू आवरेना. रागवायचं होतं खरं तर.

दुसऱ्याच दिवशी मिस्त्रींनी प्रत्येक खणाला बाहेरून लाकडी खिट्टी बसवली. डबे खडखडू नयेत म्हणून मी जुन्या सुती साडीचे तुकडे मध्ये कोंबले. गोल डबे बाद, चौकोनी बरण्या आल्या. छताला कांद्या-लसणाची जाळी टांगली. ऊन तर आखाजीचं, म्हणून खिडक्यांना वाळ्याचे पडदे. गाडी अशी सजली की गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला यावं तशा बघायला येऊन गेल्या. मी प्रत्येकीला खिट्टी उघडून दाखवली.

आखाजीला चार-पाच दिवस होते, तेव्हा निघायचा दिवस उजाडला. पापड, कुरडया, बिबडे भरले. माहेरी रिकाम्या हातानं जात नाहीत. पाण्याची टाकी भरली, पलंगावर मऊ गोधडी घातली. अक्कांनी अंघोळ करून हिरवं लुगडं नेसलं, कपाळाला बुक्का लावला आणि दाराच्या आतल्या बाजूला खुर्चीवर बसल्या. पिशवी मांडीवर.

"चला अक्का," हे म्हणाले.

अक्का उठल्या नाहीत. त्यांनी दारातून रस्त्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि विचारलं, "मुराळी कोन शे?"

मुराळी म्हणजे माहेरहून लेकीला न्यायला येणारा माणूस, भाऊ नाहीतर भाचा. त्याच्याशिवाय लेक आखाजीला निघत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि आम्ही? खिट्टीपासून कमोडपर्यंत सगळ्याचा विचार केला, पण मुराळ्याचा नाही!

"अक्का, मी नेतोय ना! तुमचा मुलगा!"

"मुलगा असशील. पण माझ्या सासरचाच ना तू?" अक्का शांतपणे म्हणाल्या. "सासरच्यांनी दारात आणून सोडलेल्या बाईला गाव काय म्हणतं, ठाऊक आहे? टाकलेली म्हणतं. या वयात मला ते ऐकवू नका."

ह्यांनी समजावलं, मी समजावलं, शेजारच्या दोघीतिघींनी समजावलं. अक्का हलायला तयार नाहीत. पण रागावल्याही नव्हत्या. डोळे तेवढे भरले होते, आणि ते मला जास्त लागलं. एवढी गाडी बांधली आणि बाई उंबऱ्याच्या आतच बसलेली!

शेवटी नानांना फोन लावला, स्पीकरवर. "तुमच्या मुलाला पाठवा, आम्ही इकडून गाडी पाठवतो," हे म्हणाले. तसे पलीकडून नाना कडाडले, "पोऱ्याले का धाडू? बहीन मनी शे! मी येसू!"

"नाना, तुमची कंबर..."

"कंबर घरमा ठेवसू!"

अक्का पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. पण प्रश्न हसण्यावारी जाण्यासारखा नव्हता. नानांनाही फार वेळ बसवत नाही, त्यांनाही आडवंच आणायला हवं. आणि नाना म्हणजे ताडमाड माणूस, आमच्या दारातून वाकून येणारा. अक्कांच्या मापाच्या पलंगावर ते गुडघ्यापर्यंतच मावले असते. शिवाय परतताना बहीण-भाऊ दोघंही आडवे. म्हणजे दुसरा लांब पलंग हवा. आणि गाडीत लांब जागा एकच होती.

ह्यांनी माझ्या ओट्याकडे एकदा बघितलं आणि झटकन छताकडे बघायला लागले, जणू तिथं कांदे मोजायचेत.

मला असा राग आला! कुणावर, ते सांगता येणार नाही. देवावर, नानांच्या उंचीवर, रीतिरिवाजांवर. मी गाडीत चढले, मसाल्याचा खण ओढला, परत आत सारला, खिट्टी लावली. मग खाली उतरून म्हणाले, "बघताय काय? बोलवा मिस्त्रींना. काढा ते सगळं."

"अगं, पण..."

"अहो, मसाला काय, पिशवीतही मावतो. नाना मावणार आहेत का?"

मिस्त्री आले. त्यांनाच जास्त वाईट वाटलं. "भाभी, इतकी मेहनत केली हो आपण," म्हणत त्यांनी पहिला स्क्रू काढला. मी आत जाऊन विनाकारण कांदा चिरायला बसले. डोळ्यातून पाणी यायला तेवढं कारण पुरतं.

दुपारपर्यंत ओट्याच्या जागी नानांच्या लांबीचा पलंग उभा राहिला, माझ्याच खणांच्या फळ्यांचा. खिट्ट्या मिस्त्रींनी नव्या पलंगाखालच्या कप्प्यांना लावून दिल्या. डाळी अक्कांच्या उशाखाली गेल्या, काळा मसाला नानांच्या पायाखाली. बसायला म्हणून गाडीत मागं एकच जागा उरली, कमोडच्या खुर्चीचं झाकण. ती माझी.

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू व्हायला हे एकटेच पिंपळनेरला गेले आणि उन्हं कलताना नानांना घेऊन आले. सगळी गल्ली दारात. पांढरंशुभ्र धोतर, टोपी, हातात काठी. दोघांनी धरून त्यांना उतरवलं, पण पायरीपाशी त्यांनी दोघांचे हात सोडवले आणि एकटे चालत आले. अक्का खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या होत्या. कुणी न धरता.

"मी तुले लेवाले उनू," नाना म्हणाले. न्यायला आलो, एवढंच.

"इतला वरीसमा आते याद उनी का?" अक्का फणकारल्या आणि लगेच त्यांच्या छातीवर डोकं टेकलं. जेमतेम छातीपर्यंतच पोचत होत्या. शेजारणी पदरानं डोळे पुसत होत्या, मी तर उघड उघड रडत होते.

मुराळ्याला जेवू घातलं, रात्रभर ठेवून घेतलं आणि उन्हाच्या आधी निघालो. अक्कांची पिशवी उचलायला हे पुढे झाले, तर नानांनी काठीनं त्यांचा हात बाजूला सारला. लेकीचं बोचकं मुराळीच उचलतो. एका हातात काठी, एका हातात पिशवी, आणि मागं अक्का.

तो प्रवास मी जन्मात विसरणार नाही. मध्ये चिंचोळी वाट, एका बाजूला अक्का, एका बाजूला नाना, आणि मागं पडदा सारून झाकणावर बसलेली मी. पारोळ्यापर्यंत दोघं एका आंब्यावरून भांडले, झाडावरून कुणी कुणाला ढकललं होतं त्यावरून. धुळ्याला नाना झोपी गेले, तर अक्कांनी हात लांब करून त्यांना चिमटा काढला. खुर्ची हवी झाली की मी उठून अक्कांच्या पलंगावर बसायचे, गाडी चालूच. कुणाला काही सांगावं लागलं नाही, कुणी काही विचारलं नाही. साक्रीनंतर अक्का बारीक आवाजात गौराईचं गाणं म्हणायला लागल्या आणि नानांनी अगदी बेसूर साथ दिली.

पिंपळनेरच्या दारात नानांच्या सुनेनं भाकरतुकडा ओवाळला, अक्कांच्या पायावर पाणी घातलं. लिंबाला झोका बांधला होता. अक्कांनी तो हातानं हलवून बघितला, मग वळून आपल्या लेकाला म्हणाल्या, "तू आता जाय. आखाजीले सासरना माणूस आठे ऱ्हात नही."

ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. मी हसले, आणि गाडीतली माझी पिशवी काढलीच नाही. मीही सासरचीच ना! सरळ पुढच्या सीटवर जाऊन बसायला निघाले, तर नानांची काठी वाटेत आडवी.

"तू कोठे चालनी? मी दोन्ही पोरीस्ले लेवाले गयथू."

दोन्ही पोरींना न्यायला! म्हणजे त्यातली एक मी. माझे आईवडील जाऊन बरीच वर्षं झाली. भाऊ नाही. तेव्हापासून आखाजीला माझ्या दारात कुणी आलं नव्हतं, आणि ते मी कुणाजवळ बोललेही नव्हते. नानांनी गाडीत हात घातला, कप्प्याची खिट्टी काढली, माझी पिशवी ओढली आणि काठी टेकत टेकत घराकडे निघाले.

ह्यांनी गाडी वळवली. रिकाम्या गाडीत दोन दोन पलंग, आणि हे एकटे चालले जळगावला. मी त्यांना टाटा केला, पायावर पाणी घालून घेतलं, पदर खोचला आणि ओसरीवर चढून साऱ्या घराला ऐकू जाईल अशी हाक दिली, "मला भूक लागली!"