दसऱ्याचा कोअर बॉक्स

बॉक्समधले दगड बघून मला काही म्हणजे काही कळेना. बदलापूरजवळ, जांभूळच्या बाजूची साइट. तिथे बिल्डिंग उभी राहायची होती आणि जमीन उलटी झाल्यासारखी दिसत होती.

मी जिऑलॉजिस्ट. पाया घेण्याआधी आम्ही जमिनीत बोअर मारतो आणि दगडाचे गोल तुकडे बाहेर काढतो. त्यांना कोअर म्हणतात. ते जसे निघतील तसेच लाकडी बॉक्समध्ये ओळीने लावायचे, वरचे आधी, खालचे नंतर. त्यावरून मी पाया किती खोल न्यायचा ते सांगते. या भागात सहसा आधी मुरूम लागतो, म्हणजे कुजलेला, भुसभुशीत दगड, आणि त्याखाली काळा पाषाण. इथे सुरुवातीलाच लांबलचक काळे तुकडे, मुरूम शेवटी.

शिवाय दगडांवर लाल डाग. लाव्हाच्या दोन थरांमध्ये कधीकधी भाजलेली लाल माती असते, तिला रेड बोल म्हणतात. म्हटलं, तीच असणार. पण ती अगदी वरच्या तुकड्यावर कशी? डोकं पार चक्रावलं.

तेवढ्यात उल्हासनगरहून बिल्डर शेठचा फोन. वरच पत्थर लागला हे त्याला कळलं होतं. पाया वरच घेऊ, आजच रिपोर्ट साइन करा, म्हणाला. सही माझी. चुकली तर बिल्डिंग खचणार.

ड्रिलर भोईरदादा शेजारीच उभे होते. याच बिल्डिंगमध्ये त्यांनी लेकीसाठी फ्लॅट बुक केला होता. पाया चांगला हाय ना, असं सारखं विचारत होते. मी पहिला तुकडा उचलला. खाली झेंडूची पाकळी.

लाव्हात झेंडू उगवत नाही. मी डागावर बोट घासलं, वास घेतला. कुंकू!

"दादा, हे काय केलंत?"

"काल दसरा व्हता ना मॅडम. मशिनीची पूजा केली. दगड धुतले, चांगले चांगले म्होरं लावले."

"अहो, पण क्रम?"

"देवाम्होरं फुटकंतुटकं कोन ठेवतं?"

कप्पाळ माझं! रागही आला आणि हसूही. मग मी त्यांना सांगितलं, की या बॉक्सच्या भरवशावर तुमच्या लेकीचं घर मुरमावर उभं राहिलं असतं.

शेठने फोनवर माझा उद्धार केला. तरी मी सही केली नाही. शेजारी नवा बोअर मारायला लावला, आणि तुकडे निघताना स्वतः उभी राहिले. वर मुरूमच मुरूम, पाषाण खूप खाली. पाया खोल गेला, फ्लॅट मिळायला उशीर झाला.

दगड कितीही देखणा असो, तो कुठून निघाला हे माहीत नसेल तर माझ्या लेखी तो नुसता धोंडा. आता दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी बॉक्सला कुलूप लावते. गेल्या दसऱ्याला भोईरदादांनी मशिनीपुढे मुरमाचं एक ढेकूळ ठेवलं होतं. त्यालाच हळदकुंकू, त्यालाच झेंडू.