दादांनी न स्वीकारलेला बदल

विलासदादांच्या घरून वहिनींचा फोन आला तेव्हा मी वाकडच्या सिग्नलला अडकले होते. "हे गेले गं…" एवढंच त्या बोलल्या. माझ्या मनात पहिलं काय आलं, सांगायला लाज वाटते. दादांशी माझं भांडण तसंच राहिलं, हे आलं.

विलासदादा मूळचे लातूरकडचे, काळेवाडीत राहायचे, चाकणच्या एका कंपनीत मशीन दुरुस्त करायचे. धातू कापणाऱ्या जुन्या सीएनसी मशीनना कॉम्प्युटरवरून काम पाठवणारा एक प्रोग्राम त्यांनी लिहिला आणि सगळ्यांसाठी फुकट, खुला ठेवला. छोटे वर्कशॉपवाले, शेडवाले तो वापरायचे. आम्ही चार-पाच जण नोकरी सांभाळून त्यात हातभार लावायचो, पण दादांनी स्वीकारल्याशिवाय कुठलाही बदल आत जात नसे. असा प्रोग्राम प्रत्येक कॉम्प्युटरवर जुळवून घ्यावा लागतो, आणि कसा जुळवायचा याची कृती एका फाईलमध्ये असते. दादांची ती फाईल हाताने लिहिलेली, जागोजागी ठिगळं लावलेली. जग कधीच जुळवणीच्या नव्या, तयार साधनांवर गेलं होतं. मी चार महिने खपून आमचं सगळं नव्यावर आणलं आणि दादांना दाखवलं.

"चांगलंच हाय की," ते म्हणाले. "पण ऱ्हाऊ दे सध्या."

हे 'सध्या' वर्षभर चाललं. शेवटी मी वैतागून लिहिलं, तुमच्या हट्टापायी इथे नवीन माणूस टिकत नाही. त्यांनी उत्तर दिलं नाही. मीही फोन केला नाही… पाच महिने.

आता अडवणारं कोणी नव्हतं. दादांच्या मागे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि दोन दिवसांनी मी माझाच बदल स्वीकारून टाकला. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. नुसता थकवा आला.

आठवड्याभरात काळेवाडीतल्या एका शेडचे मालक शिंदेमामा, त्यांचा फोन आला. नवा प्रोग्राम पेनड्राइव्हवर आणलाय, पण बसत नाही. मी गेले. कॉम्प्युटर इतका जुना, की माझं नवं साधन त्यावर चढेचना. तासभर झटापट करून मी हात टेकले.

"दादा बी तुमचंच घेऊन बसले व्हते हितं," मामा म्हणाले. "तीन रविवार. न्हाई झालं. म्हणले, तिला सांगू नका, लई खपलीय पोरगी."

अहो दादा, एकदा सांगायचं तरी! मला तिथेच रडू कोसळलं.

घरी येऊन मी जुनी फाईल परत आणली. आमच्यात प्रत्येक बदलाखाली तो कोणी तपासला, त्याचं नाव लिहावं लागतं. या बदलाखाली मी दादांचं लिहिलं. खोटं नव्हतं ते. तीन रविवार त्यांनी तपासलंच होतं.