चौथं चाक

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते जुन्या जीपच्या ब्रेकमधली एअर काढायचं. जीपचं पेट्रोल इंजिन उतरवून मी डिझेलचं बसवलं होतं, ते वजनाला लय जड, म्हणून ब्रेकचे भागही सगळे नवे घातले. एअर काढायला दोन माणसं लागतात; एकानं वर बसून पायानं ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्यानं खाली चाकापाशी स्क्रू ढिला करून ऑइलमधली हवा बाहेर सोडायची. उंब्रजला आमच्या दारात वर बायको, खाली मी. "दाब," म्हणलो की ती दाबायची. "आवं, पाय भरून आला, सोडू का?" "मी म्हनल्याबिगर सोडायचं न्हाई." "लगीन झाल्यापासनं ह्येच ऐकतीया मी," म्हणाली आणि हसली. सकाळी विश्रामबागला लेकीकडं जायचं होतं, नव्या इंजिनावरची पहिली फेरी. तीन चाकं झाली. "चौथं उजाडल्यावर करू," म्हणून ती भाकरी टाकायला गेली आणि चुलीपुढं बसल्या जागीच गेली. ब्रेक ऑइलचा वास आजही माझ्या नाकातनं जात नाही, जीप दारात गंजतीय, चौथं चाक तसंच हाय. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात तिरडी बांधत होते, तवा मी पाना घेऊन जीपखाली शिरलो. मेहुणा वाकून म्हणाला, "दाजी, बाहेर या, अक्काला न्यायचं हाय." मी म्हणलो, "एक चाक राहिलंय." पाना लावला आणि कालच्याच आवाजात म्हणलो, "दाब."