हुशार पोरगी घरची

नागभीडच्या फलाटावर छोट्या लाइनची गाडी उभी होती आणि माय माझ्या हातात मोहफुलांची पुरचुंडी कोंबत होती. मी दहा वर्षांची, माझी पाठची बहीण अनसू नऊची. मावसाजी आमच्यातली एकच मुलगी नागपूरला शाळेत घालायला नेणार होते, आणि ती मी होते. मी हमसून हमसून रडत होते. अनसूच्या डोळ्यांत पाण्याचा थेंब नव्हता. ती वाकून इंजिनाची चाकं बघत होती, कोणता दांडा कोणत्या चाकाला ढकलतो ते. गाडी हलली तेव्हा तिनं मला ओरडून तेच सांगितलं. मला काही कळलं नाही.

तुमच्यापैकी कितीतरी जणी अशाच त्या गाडीत बसल्या असतील आणि कितीतरी फलाटावर राहिल्या असतील. हे बसलेल्या आणि राहिलेल्या, दोघींसाठी लिहिते आहे.

गावच्या शाळेत मास्तरांनी अनसूला एक इयत्ता पुढं आणून माझ्या शेजारी बसवलं होतं. तोंडी हिशेबाचं उत्तर मी बोटं उघडेपर्यंत ती देऊन मोकळी व्हायची. मग मलाच का नेलं, याचं मला नवल वाटे. मावसाजींना नाही. "मी बघताक्षणी ओळखलं होतं," ते आल्यागेल्याला सांगत. "बुद्धी मुळात रक्तात असावी लागते." मी चौथीत नापास झाले तेव्हा मात्र म्हणाले, "जंगलातलं पाणी. हिवतापानं डोकी जड होतात त्या भागातली." चित भी मेरी, पट भी मेरी!

मला वर काढलं ते मावशीनं. ती रोज संध्याकाळी विजेच्या दिव्याखाली मला पाटी घेऊन बसवी आणि स्वतः समोर भाजी निवडत बसे. घरात वर्तमानपत्र येई, बोलताना चार नवे शब्द कानावर पडत, आणि ढोरांमागे जायला मला कोणी हाक मारत नसे. हळूहळू डोकं चालू लागलं. मॅट्रिक झाले, ट्रेनिंग कॉलेजात गेले. तिथं परीक्षेत प्रश्न आला: मुलाची बुद्धी घडते ती आनुवंशिकतेनं की परिस्थितीनं? मी चांगली चार पानं लिहिली. बियाणं कितीही कसदार असलं तरी बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, पाणी नसेल तर धान पोसत नाही, असंही लिहिलं. सरांनी ते वाक्य वर्गात वाचून दाखवलं. अनसू तोवर दोन पोरींची आई झाली होती.

त्या सुट्टीत मी मायला विचारलंच, "माय, तवा अनसूले काऊन नाई धाडलं?"

माय सुपात तांदूळ पाखडत होती. हात न थांबवता म्हणाली, "तिले धाडून मी का केलं असतं? ढोरं ती पाहे, पऱ्हे ती काढे, तुह्या बापाले ताप आला त काढा ती दे. तुले धड रोवता बी येत नव्हतं. हुशार पोरगी घरी लागते, बाई. बिनकामाची होती, ते शाळेत धाडली."

तिला त्यात वावगं काहीच वाटत नव्हतं. मला राग आला, पण तो कोणावर काढावा ते कळेना. बापाचा ताप खरा होता, आणि पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वेळेवर रोवली नाहीत तर वर्षभर खायचं काय, हेही खरं होतं. तेव्हापासून मी जी थकले आहे, ती अजून थकलेलीच आहे. शाळेत कोणी म्हटलं, "बाई, हे पोरगं ढ आहे," की मला खुर्चीत टेकावंसं वाटतं.

आता माय नाही. आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, तेवढा एक बदल सोडला तर गाव तसंच आहे. गेल्या उन्हाळ्यात अनसूची एक मुलगी शिकायला न्यावी म्हणून मी गेले. माझी खोली एकच, पगार मास्तरणीचा. मनात धाकटी रुखमा होती. तिच्याकडे बघितलं की मला फलाटावर वाकलेली अनसू दिसते. पण अनसूनं गाठोडं बांधून ठेवलं होतं थोरल्या मंजुळेचं.

"अनसू, धाकटी हुशार आहे गं."

"मले का माहीत नाई? म्हनूनच थोरलीले ने. तुले तरी का येत होतं, बाई? नेलं, त मास्तरीण झाली. धाकटी कुठीबी निभवून नेते, माह्यासारखी."

माझी चार पानं यापुढं काय टिकणार होती? मी मंजुळेचं गाठोडं उचललं.

नागभीडला मंजुळा डब्यात बसून रडत होती. मी चढणार, तेवढ्यात रुखमानं माझा पदर धरला. "मावशी, मी हुशार आहो म्हनून नाई नेऊन राह्यली का मले?"

मी अनसूकडे बघितलं. ती चाकांकडे बघत होती.

"दोघींना नेते," मी म्हणाले.

"मंग रोवन्याले कोन?"

"मी येते."

अनसू हसली. खूप वर्षांनी तिला तसं हसताना बघितलं. मग डोळे पुसत तिनंच रुखमाला उचलून डब्यात ठेवलं.

त्या पावसाळ्यात रोवण्याला बिनपगारी रजा काढून मी गेले. शाळेच्या बड्या बाईंनी तोंड वाकडं केलं, पण सही दिली. यंदाही जाणार आहे. दिवसभर गुडघाभर चिखलात वाकले की पाठ धरते, रात्री कूस बदलवत नाही. मी रोवत पुढं जाते आणि अनसू मागून माझी पऱ्हे उपटून पुन्हा नीट रोवते. "या जन्मी नाई जमत तुले," म्हणते.

दोघींत हुशार कोण, ते मला विचारू नका. पण घर कुठं, असं कोणी विचारलं तर मी सांगते, ती बांधी. तिथं मी अजून ढ आहे, आणि तरी अनसू माझी वाट बघते.