बस चुकण्याचा शॉट

किन्हवलीच्या एसटीच्या त्या ड्रायव्हरचं नाव मी विचारलं नाही, पण तीन दिवस रोज सकाळी त्याच्यावर चरफडले. माझ्या मुलीला कॉलेजसाठी विनोदी सिनेमाची सुरुवात बनवायची होती. नायिका धावते, तरी बस निघून जाते, एवढंच. धावणार होती तिची मैत्रीण. पहिल्या दिवशी ती आरशात दिसताच त्याने बस थांबवली. दुसऱ्या दिवशी मी नीट समजावलं. त्याने टोपी सरळ केली, मान डोलावली आणि पुन्हा ब्रेक दाबला.

"अहो, थांबू नका म्हटलं होतं ना?"

"कळतं वो ताई. पन पोर पळताना दिसली का पाय आपसूक ब्रेकवर जातो."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फिल्म द्यायची होती. या वेळी आरशाकडे न बघता, मान ताठ ठेवून तो निघाला आणि बस खरंच वळणाआड गेली. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला, तोच ती रिव्हर्समध्ये परत आली. खिडकीतून डोकं काढून तो म्हणाला, "झालं ना तुमचं? आता बसवा तिला. पुढची गाडी दुपारी हाय."

कॅमेरा चालूच होता. मुलीने तेच ठेवलं. मार्क बरे पडले, फक्त सरांचा शेरा होता: असा ड्रायव्हर खरा वाटत नाही.