दार कापायचं नसतं

लाकडावर इतका जीव असलेला आणि माणसांपुढे मात्र लाकडासारखा बसून राहणारा दुसरा गृहस्थ माझ्या भावजींखेरीज उभ्या हैदराबादेत झाला नसेल. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पेशानं वकील, आणि तेही दिवाणी दाव्यांचे. सारी हयात त्यांनी दुसऱ्यांच्या घरांच्या वाटण्या करण्यात घालवली. पण कुणाच्या घरी गेले की यजमानांना नमस्कार करण्याआधी त्यांचं बोट दाराच्या फळीवर वाजायचं. कान किंचित तिरका करून ते आवाज ऐकायचे आणि मग त्या घराबद्दलचं, घरातल्या माणसांबद्दलचं आणि बहुधा त्यांच्या पूर्वजांबद्दलचंही मत तिथल्या तिथे कायम करून टाकायचे. परभणीला आमच्याकडे ताईला पाहायला आले तेव्हासुद्धा त्यांनी चौकट वाजवली आणि आमच्या वडिलांना म्हणाले, "ही सागाची म्हणून दिली का तुम्हाला? आंब्याची आहे." वडील वरमले. ताई पोह्यांची बशी घेऊन आली तेव्हा भावजींचं लक्ष बिजागरीकडे होतं. ताई पुढे नेहमी सांगायची, "त्यांनी चौकट नापसंत केली. मला काहीच म्हणाले नाहीत, तेव्हा मी पसंत असणार असं धरून चालले. अजून तसंच धरून चाललेय."

चिक्कडपल्लीतलं त्यांचं घर त्यांच्या वडिलांनी बांधलेलं. दुमजली, सागवानी तुळयांवर चुन्याची गच्ची, आणि दारं अशी उंच की माझ्यासारख्या बेताच्या माणसाला त्यातून आत शिरताना आपण कुठल्यातरी कचेरीत अर्ज घेऊन चाललो आहोत असं वाटायचं. दिवाळीच्या पहाटे घरातल्या माणसांना तेल लागायच्या आधी दारांना जवसाचं तेल लागत असे. दारांची आंघोळ होईपर्यंत आम्ही पाहुणे मंडळी कुडकुडत बसायचो. एकदा माझ्या बायकोनं वैतागून विचारलं, "दारांना उटणंही लावायचं का, भावजी?" त्यावर त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "नको. रेघांत अडकेल." थट्टा हा प्रकार त्यांच्या कानापर्यंत पोहोचतच नसे. शोकाचंही तसंच होतं, असं आम्हाला वाटायचं. ताई दोन वर्षांपूर्वी गेली, त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं आणि हे दाराशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "जरा सांभाळून. उंबऱ्याला ठेच लागते." त्यांच्या डोळ्याला पाणी आलेलं कुणी पाहिलं नाही. त्यांची मुलगी शुभा, माझी भाची, हे त्यांना आतून कधी माफ करू शकली नाही.

गेल्या मे महिन्यात संध्याकाळी वादळ झालं. तारनाक्याला आमच्या सोसायटीतल्या टाक्यांची झाकणं उडाली, तेवढ्यावर निभावलं. चिक्कडपल्लीत मात्र शेजारच्या आवारातला जुना कडुनिंब मुळासकट उन्मळला आणि भावजींच्या घराच्या मागच्या अर्ध्या भागावर आडवा झाला. त्यांचा फोन आला. म्हणाले, "खिडक्या शाबूत आहेत."

"अहो, तुम्ही कसे आहात?"

"मला काय होतंय. स्वयंपाकघर गेलं. जिन्याच्या दोन पायऱ्या फुटल्यात. पण दारं वाचली, दिलीप."

मी पोहोचलो तेव्हा ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. डोक्यावर चुन्याची पांढरी धूळ. समोर घर होतं आणि त्याच्या पाठीमागे जिथे भिंत असायला हवी तिथे कडुनिंबाच्या फांद्या हलत होत्या. मला भरून आलं. ते म्हणाले, "तुळई तुटली नाही बघ. वाकलीसुद्धा नाही. भिंतीनं दगा दिला."

भावजी तात्पुरते आमच्याकडे राहायला आले. महापालिकेचे इंजिनियर आले, वरखाली पाहून गेले आणि घर धोक्याचं आहे, पाडून टाका, असं सांगितलं. ते दुरुस्त होण्यासारखं नव्हतंच. जागा एका बिल्डरला द्यायची, तिथे मजले उठतील आणि बाबा आपल्याबरोबर कोंडापूरच्या फ्लॅटमध्ये राहतील, असं शुभानं ठरवलं. भावजींनी यातल्या कशालाच विरोध केला नाही. फक्त पाडायला यंत्र घेऊन आलेला माणूस त्यांनी फाटकातूनच परत पाठवला. घर हातानं उतरवायचं, वरून खाली, जसं चढवलं तसं. त्यासाठी त्यांनी रशीदभाई नावाचे एक सुतार गाठले. दोघांचं वय साधारण एक आणि दोघांचाही हेका एक, त्यामुळे दिवसभर त्यांचं भांडण चाले. रशीदभाई खिळा उपटायला गेले की भावजी म्हणायचे, "खेंचो नक्को. खिळ्याची समजूत काढायची असते." रशीदभाई पक्कड खाली ठेवून म्हणायचे, "वकीलसाब, समजूत तुम काढो. मैं चाय पीके आता हूं." असं करत करत दारं, खिडक्या, तुळया, जिन्याचा कठडा सगळं खाली आलं आणि अंगणात ताडपत्रीखाली रचलं गेलं. मग उरलेल्या भिंती पडल्या. त्या पडल्या त्या दिवशी भावजी तिकडे गेले नाहीत. तारनाक्याला आमच्याकडे बसून त्यांनी वर्तमानपत्र वाचलं. पान उलटल्याचं मात्र मला ऐकू आलं नाही.

त्यानंतर आमच्या सगळ्या नातेवाइकांवर संकट कोसळलं. जागा रिकामी करून द्यायची होती, पाऊस तोंडावर होता, आणि भावजी एकेकाच्या घरी जाऊन टेप लावून चौकटी मोजत होते. लोक बेल वाजली की आधी आतून डोकावून बघायचे. पहिला मान अर्थात आमचा. आमच्या बेडरूमला त्यांनी घराचं पुढचं दार देऊ केलं. ते दार आमच्या छतापेक्षा उंच निघालं. मी भीत भीत म्हटलं, "खालून थोडं कापून घेतलं तर?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू ताईचे पाय कापायला सांगितले. म्हणाले, "दार कापायचं नसतं. भिंत उचलायची." वर तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांचं काय करायचं, हा प्रश्न मी गिळून टाकला.

शुभानं तोडगा काढला. ती म्हणाली, "बाबा, एका दाराचं डायनिंग टेबल करू या ना. वर काच टाकायची. ऑसम दिसेल."

"त्यावर जेवायचं?"

"हो."

"म्हणजे ते पुन्हा कधी उघडणार नाही," भावजी म्हणाले, आणि तो विषय मिटला. मग एका नव्या हॉटेलचा मालक आला. त्याला सगळ्याच खिडक्या हव्या होत्या, भिंतीवर सजावट म्हणून टांगायला. माणूस मोठ्या अदबीनं बोलत होता. भावजींनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "खिडकीच्या मागे काय?"

"भिंत आहे ना, सर."

"मग ती खिडकी कशी? भुसा भरलेला वाघ झाला तो." तो बिचारा चहा अर्धा टाकून गेला. त्यांची अट एकच होती: दार उघडलं-मिटलं पाहिजे, खिडकीतून काहीतरी दिसलं पाहिजे, तुळईनं डोक्यावर छप्पर धरलं पाहिजे. ही अट पुरी करणारं घर आमच्या सगळ्या गोतावळ्यात एकही नव्हतं. आमची घरं तयारच मिळालेली, त्यांना कशाचीच गरज नव्हती. बिल्डरचे फोन वाढले. भावजींचं जेवण कमी झालं. ते रोज बसनं चिक्कडपल्लीला जायचे आणि ताडपत्रीपाशी बसून परत यायचे. ही मला म्हणाली, "यांना काहीतरी होईल हो." मलाही तेच वाटत होतं, पण मी तिला उगाच भितेस म्हणून गप्प केलं.

जूनमध्ये त्यांच्या बरोबरीचे एक वकील वारले. मी त्यांच्यासोबत स्मशानात गेलो. चिता पेटली आणि पाऊस आला. चितेवर पत्रा होता, पण थांबलेल्या माणसांवर काही नव्हतं. बसायच्या शेडचे पत्रे त्याच मेच्या वादळात उडून गेले होते आणि नुसते खांब उरले होते. गेलेल्यांची म्हातारी बहीण एका छत्रीत तिघांबरोबर उभी होती. पलीकडे दुसऱ्या कुणाच्या घरच्या बायका कपाटाएवढ्या, बिनदाराच्या खोलीत ओले पदर पिळत होत्या आणि एकजण दारात चादर धरून उभी होती. मी वळून पाहिलं तर भावजी शेजारी नव्हते. ते भर पावसात त्या खांबांमधून टेप ओढत होते. मयताचा मुलगा बघत होता. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी जवळ जाऊन म्हटलं, "भावजी, लोक बघताहेत."

"तुळया बसतात," ते म्हणाले. "एक इंचसुद्धा कापायला नको."

स्मशानाची व्यवस्था बघणारी एक समिती होती. तिच्या अध्यक्षांना आधी वाटलं, हे गृहस्थ स्वतःसाठी जागा राखून ठेवायला आलेत. ते समजूत घालू लागले, "परवालेदु सर," म्हणजे असू द्या, "घाई कशाला?" खरा प्रकार कळल्यावर मात्र लगेच कबूल झाले. कठीण गेलं ते शुभाचं. ती आमच्या घरी येऊन रडली. "त्या दारात आई रांगोळी काढायची, बाबा. आणि तुम्ही ते स्मशानात लावणार?"

भावजींनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. कोर्टात ते असेच थांबायचे म्हणतात. मग म्हणाले, "तुझी आई शेवटची बाहेर पडली ती त्याच दारातून. दाराला रस्ता ठाऊक आहे."

शुभा उठून गॅलरीत गेली. परत आली तेव्हा तिनं विचारलं, "सामान न्यायला टेम्पो लागेल ना?"

काम पावसाच्या उघडिपीत झालं. रशीदभाईंनी भांडत भांडत तुळया चढवल्या. बायकांच्या खोलीला ते पुढचं दार लागलं आणि त्यासाठी, भावजींनी सांगितल्याप्रमाणे, भिंत खरोखरच उचलावी लागली. खिडक्या चिंचेच्या झाडांकडे तोंड करून बसल्या. भावजी कोंडापूरला राहायला गेले. तिथली दारं ते वाजवत नाहीत. शुभाला त्याचीच काळजी वाटते. पण आठवड्यातून एकदोनदा ते त्या शेडमध्ये जाऊन बसतात हे मला तिच्याकडूनच कळलं. आधी बायकांच्या खोलीचं दार लागतं का बघतात, मग बाकावर बसून राहतात. स्मशानात एकटा बसलेला म्हातारा पाहिल्यावर लोकांनी काय समजायचं? कुणी त्यांना पाणी देतं, कुणी खांद्यावर हात ठेवतं, कुणी चहा आणून देतं. ते सगळं निमूट घेतात.

मागच्या महिन्यात मी त्यांना आणायला गेलो. बारीक पाऊस लागला होता. मी मागच्या बाजूनं आलो, त्यामुळे त्यांनी मला पाहिलं नाही. शेजारी एक पन्नाशीचा माणूस बसला होता, टॉवेल गुंडाळलेला. त्याच्या भावाची चिता समोर जळत होती. त्यानं यांच्याकडे वळून हळूच विचारलं, "एवरु, सर?" म्हणजे कोण गेलं तुमचं.

"माझी बायको," भावजी तेलुगूत म्हणाले.

"कधी?"

तारखांच्या बाबतीत भावजींनी न्यायाधीशांनासुद्धा कधी सूट दिलेली नाही. ते समोर बघत राहिले. मग म्हणाले, "आत्ताच."

त्या माणसानं त्यांचा हात आपल्या हातात घेतला. भावजींची मान खाली गेली आणि खांदे हलू लागले. मी पावलं न वाजवता मागे सरलो आणि बाहेर नळापाशी जाऊन उभा राहिलो. भिजत होतो, पण आत जावंसं वाटेना. थोड्या वेळानं दोघांसाठी चहा आला. तो पिऊन होईपर्यंत मी त्यांना हाक मारली नाही.