दाजींचा हँडब्रेक

आंबेगाव आणि जुन्नर या दोन तालुक्यांत मिळून हँडब्रेकवर आमच्या दाजींइतका जीव लावणारा दुसरा माणूस सापडायचा नाही. कुठे असलाच तर त्याने जरूर पुढे यावं; मी दोघांची गाठ घालून देईन, पण त्यांचं बोलणं ऐकायला थांबणार नाही. दाजी म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, माझे साडू. राहायला लोणीला. त्यांचं अंगण इतकं सपाट, की तिथे सांडलेलं पाणीसुद्धा कुठल्या बाजूला जावं या विचारात पडतं. तरी दाजी आपली जुनी जीप तिथे अशी उभी करतात, जणू घाटातच थांबलेत. आधी हँडब्रेक करकर करत वर ओढायचा, मग उतरून मागून खांद्याने गाडीला एक रेटा द्यायचा, ती हलली नाही की समाधानाने "हं" म्हणायचं, आणि एवढं करूनही मागच्या चाकाला दगड लावायचा. हा दगडही स्वतःचा, गाडीतच ठेवलेला, आहुपे गावच्या ओढ्यातून आणलेला. तिथल्या देवराईतला तर नाही ना, असं मी एकदा सहज विचारलं आणि दाजी दुखावले. देवराईतली वाळकी काडीसुद्धा कुणी घरी नेत नाही, आणि मी त्यांना थेट दगडचोर ठरवलं होतं! त्या दिवशी जेवताना त्यांनी मला एकदाही आग्रह केला नाही.

माणूसही ते हँडब्रेकवरूनच पारखतात. त्यांच्या पुतणीचं लग्न ठरत होतं तेव्हा आम्ही सगळे मुलाचं घर बघायला जुन्नरला गेलो. आत पोहे चाललेले, बाकीचे पाहुणे शेती किती, नोकरी कुठे असलं विचारताहेत, आणि दाजी बाहेर मुलाच्या गाडीच्या काचेला नाक लावून उभे. आत आले आणि गाडी नुसती गिअरमध्ये का ठेवली म्हणून त्यांनी नवरदेवालाच विचारलं. तो म्हणाला, सपाटच आहे की! झालं. परतीच्या वाटेवर दाजींनी निकाल दिला, "पोरगं गुणी हाय, पर जमिनीवर लई इस्वास टाकतंय." लग्न झालं, पण त्या पोराने दाजींची अशी धास्ती घेतली, की वरातीच्या गाडीचा हँडब्रेक त्याने जीव खाऊन ओढला आणि निघताना सोडायचाच विसरला. गाव ओलांडेपर्यंत करपल्याचा वास येत होता. दाजी मात्र खूश. म्हणाले, इसरला तरी वढून इसरला.

हसायचो आम्ही. मीही हसायचो, ते एका श्रावणी सोमवारपर्यंत. दरवर्षी श्रावणात दाजी आणि अक्का, म्हणजे माझी मेहुणी, जीपने भीमाशंकरला जातात. त्या वर्षी मी आणि माझी बायको मागच्या सीटवर होतो. दाजींचा कडक उपवास, आणि रक्तातली साखर उतरवायची गोळी मात्र नेमाने घेतलेली. देवही पाळायचा आणि डॉक्टरही. मध्ये शरीराचं काय होतं हे बघायला कोणी नाही! दर्शन घेऊन घाट उतरताना दाजींची मान एकाएकी छातीवर पडली, पाय ब्रेकवरून सुटला आणि जीप कठड्याकडे निघाली. मी पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली. अक्काने, जिला क्लच कुठला आणि ॲक्सिलेटर कुठला हे आजही सांगता येणार नाही, दोन्ही हातांनी हँडब्रेक उपटल्यासारखा वर ओढला. गाडी किंचाळत, फरफटत कठड्याच्या अलीकडे थांबली. मग तिने प्रसादाचा पेढा दाजींच्या तोंडात कोंबला आणि ते डोळे उघडेपर्यंत त्यांच्यावर ओरडत राहिली. नंतर कळलं, की लग्नानंतर दाजींनी तिला गाडीतली एवढी एकच गोष्ट शिकवली होती. खळ्यात जीप हळूहळू चालवायची, मध्येच स्टिअरिंग सोडून मान टाकायची आणि तिच्याकडून हँडब्रेक ओढून घ्यायचा. अख्खं गाव तेव्हा फिदीफिदी हसलं होतं म्हणे.

पुढे अक्काच्या गुडघ्यांनी संप पुकारला. जीपची पायरी उंच. दाजींनी चौरंग ठेवून पाहिला, मग त्यावर पाट ठेवून पाहिला, पण तिला चढता येईना. तिने माहेरी जाणं सोडलं, लग्नकार्यं सोडली. शेवटी त्यांच्या मुलाने नवी, बुटकी गाडी आणली. दार उघडलं की नुसतं टेकायचं. पण हँडब्रेकच्या जागी बटण, तेही स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला, दाराकडे. दाजींनी ते दाबून पाहिलं. बारीक घुर्र झालं आणि लाल दिवा लागला. दाजी म्हणाले, दिवा लागला म्हणजे वीज आली एवढंच कळतं, चाक धरलं का ते कुठं कळतंय? त्यांनी उतरून चाकाला आपला दगड लावला आणि ती गाडी तिथेच उभी राहिली, श्रावण आला तरी. मुलाने समजावलं, मीही समजावलं. तार सैल पडायची भानगड नाही, चढावर ही गाडी स्वतःच धरून ठेवते. शिवाय पळत्या गाडीतही बटण दाबून धरलं तर गाडी थांबते, असं मी जरा ऐटीतच सांगितलं.

दाजी म्हणाले, "धरायचं कुणी, पावणं? मी सुदीत असलो तर ब्रेकच दाबीन की. नसलो तर हिचा हात तितवर पोचत न्हाई."

आतून अक्का म्हणाली, तुम्ही जाऊन या या वेळी, मी घरूनच हात जोडते. दाजी उठले, चाकाचा दगड काढला आणि किल्ली मुलाच्या हातावर ठेवली. जन्मात ज्या माणसाने दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग दिलं नाही, तो अक्काला बाहेर आणून, मागच्या सीटवर बसवून स्वतः तिच्याशेजारी जाऊन बसला. मला तर ते बघवेना. मी पुढे बसलो.

डिंभे मागे पडलं, घाट लागला. दाजी प्रत्येक वळणावर उजवा पाय दाबत असणार, कारण मुलाची सीट मागून हलत होती. मी त्यांना काहीतरी गमतीचं बोलावं म्हणून वळलो, तर अक्काची मान दाजींच्या खांद्यावर. तोंड किंचित उघडं, गाढ झोपलेली. देऊळ जवळ आलं होतं, उठवू का, असं मी विचारलं.

दाजींनी मानेनेच नको म्हटलं. मग अगदी हळू, तिला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "झोपू द्या. माझ्या शेजारी बसून तिनं गाडीत कदी डोळा मिटला न्हाई."